एक टक्का भिंतींसाठी

कार्यालयात चित्र असणं आणि कार्यालयात चित्रकला रुजणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घ्यायला कुलाब्याच्या टोकावरची टाटा मूलभूत संशोधन संस्था पाहावी. 1962 मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या इमारतीसाठी संस्थेचे संस्थापक होमी भाभांनी एक साधी तरतूद मंजूर करून घेतली होती: बांधकामाच्या खर्चातला एक टक्क्यापर्यंतचा भाग कलाकृतींसाठी. त्यातून हुसेन, गायतोंडे, आरा, रझा, तय्यब मेहता अशांची चित्रं तिथे आली. या चित्रकारांना तेव्हा बाजारात आजच्यासारखं मोल नव्हतं. भाभा स्वतः चित्रं काढत, प्रदर्शनांना आवर्जून जात. त्यामुळे निवडीमागे जाणकाराची नजर होती; फर्निचरच्या यादीत शेवटी चित्रांची ओळ घालण्याचा तो प्रकार नव्हता.

पैशाइतकीच जागाही महत्त्वाची. हुसेन यांचं ‘भारत भाग्य विधाता’ हे सुमारे 45 फूट लांबीचं भित्तिचित्र संचालकांच्या दालनात नाही, प्रवेशाच्या दर्शनी भागात आहे. एवढं लांब चित्र जवळून एका नजरेत मावत नाही. ते चालत चालत पाहावं लागतं. म्हणजे गणितज्ञ असो की सफाई कर्मचारी, कामावर येताजाता ते त्याला तुकड्यातुकड्यानं भेटत राहतं. रोजच्या वाटेवरची ही ओळख वर्षातून एकदा संग्रहालयात जाऊन होत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही सरकारी पैशावर चालणारी संस्था. कंपनीला भागधारकांना उत्तर द्यावं लागतं, आणि तोच पैसा पगारात का जाऊ नये? पगार आधी, यात वादच नाही. पण काच, ग्रॅनाइट आणि झुंबरांवर कंपन्या खर्च करतातच. प्रश्न त्याच खर्चाला वळण देण्याचा आहे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: पहारा असलेल्या फाटकाआडच्या कलेला सार्वजनिक कसं म्हणायचं? नेव्ही नगरातल्या या संस्थेलाही तो लागू पडतो. शिवाय मालकी बदलली की संग्रहाचं काय, हेही आधीच ठरायला हवं. एअर इंडियाने 1950च्या दशकापासून चित्रं जमवली, जगभरच्या आपल्या कार्यालयांत लावली. 2022 मध्ये कंपनी टाटा समूहाकडे गेली तेव्हा संग्रह व्यवहाराबाहेर ठेवला गेला आणि पुढे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवला गेला. तो वाचला, हे चांगलंच झालं. पण ज्या कामाच्या जागांसाठी तो जमवला होता, त्यांच्याशी त्याचं नातं तुटलं.

म्हणून नव्या कार्यालयाचा आराखडा मंजूर होतानाच कलेची तरतूद, निवडणारी जाणती माणसं आणि लोकांना आत येण्याचे दिवस कागदावर उतरले पाहिजेत. कलेला इमारतीच्या हिशेबात जागा मिळाली, तरच ती तिथल्या माणसांच्या आयुष्यातही जागा मिळवते.