एकाच वाणाचा जुगार

मंगरूळपीरच्या शिवारात खरीप म्हणजे सोयाबीन. त्यातही जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं १९९४ चं ‘जेएस ३३५’ हे वाण वर्षानुवर्षं लोकप्रिय. सोयाबीन स्वपरागी, एका वाणाची सगळी झाडं जनुकांनी जवळजवळ सारखीच. फुलोऱ्यात पावसानं ताण दिला की सगळी एकदम सापडतात. उत्क्रांती वेगळेपणातून निवड करते. वेगळेपणच नसेल तर निवडणार काय? (किडी मात्र भराभर बदलतात. गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला जुमानेनाशी झालीच ना!) म्हणूनच सोयाबीनच्या तासांत तूर पेरण्याची आपली पद्धत शहाणपणाची. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं. तूर खोल सोटमुळावर जमिनीतली ओल ओढत हिवाळ्यापर्यंत तग धरते. येत्या खरिपात सगळं रान एकाच वाणाखाली घालू नका. लवकर आणि उशिरा येणारे दोन वाण घ्या, तुरीची तासं मोडू नका.