गुरुजींसाठी वही

५ सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी विकत आणलेली भेट गुरुजींना संकोचात टाकते आणि ज्याच्यापाशी पैसा नाही त्या मुलाला मागे उभे करते. जुन्या वह्यांतील कोरी पाने मात्र बहुधा सर्वांच्याच घरी सापडतात. ती मधोमध दुमडून घडीवर दाभणाने तीन छिद्रे पाडावीत. सुई बाहेरून मधल्या छिद्रातून आत घालावी, वरच्यातून बाहेर काढावी, खालच्यातून आत न्यावी आणि मधल्यातून पुन्हा बाहेर आणून गाठ मारावी. पहिल्या पानावर त्या वर्षी नव्याने उमगलेली एखादी गोष्ट मुलाने स्वतः लिहावी. वडीलधाऱ्यांनी तिचे शुद्धलेखन तपासू नये. तो अधिकार गुरुजींचा! शेवटी खळीने जाड कागदाचे वेष्टन चिकटवून वही रात्रभर पाटाखाली दाबून ठेवावी.