मनगटातला बोगदा आणि एका मिनिटाची परीक्षा

पहाटे तीनला जाग येते ती हाताला आलेल्या मुंग्यांनी. बाई उठून बसतात, पाऱ्याचा थर्मामीटर झटकावा तसा हात झटकतात, जरा बरं वाटतं. तासाभरात उठून त्याच हातानं म्हशीची धार काढायची असते. सकाळी घरातले सांगतात, "हाताला रक्त पोचत नाही, मालीश करा."

रक्ताचा इथं दोष नसतो. मनगटात तळाला छोटी हाडं आणि वर जाड पट्टा असा एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या आणि मीडियन नावाची एक नस जाते. जागा अपुरी पडली की दबते ती नस. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. झोपेत मनगट दुमडलं की दाब वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा. हात झटकावासा वाटणं ही डॉक्टरांच्या दृष्टीनं मोठी खूण आहे. ती न विचारताही सांगावी.

"अख्खा हात बधिर होतो" असं बहुतेक जण सांगतात. एकेक बोट नीट तपासलं की चित्र बदलतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू एवढाच या नसेचा मुलूख. करंगळीची नस वेगळी, ती या बोगद्यातून जातच नाही. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावरची कातडीही शाबूत असते, कारण तिच्याकडे जाणारी या नसेची फांदी बोगद्याच्या वरून जाते. तीही बधिर असेल किंवा मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल, तर मानेकडे बघायला हवं.

एमआरआयशिवाय निदान होत नाही, हा समज खिशाला फार महाग पडतो. सुरुवात साध्या हातांनी होते. नमस्काराच्या उलट, म्हणजे हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं ६० सेकंद वाकवून धरायची. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर फॅलेनची चाचणी सकारात्मक. १९९१ साली डर्कन यांनी मांडलेल्या चाचणीत डॉक्टर बोगद्यावर अंगठ्यानं ३० सेकंद दाब देतात. मनगटावर टिचकी मारून पाहायची ती टिनेलची खूण. टिनेल यांनी ती १९१५ मध्ये सांगितली, पण युद्धात नस तुटलेल्या सैनिकांसाठी. मनगटाला ती नंतर लागू झाली.

तरी एका चाचणीवर निकाल लावू नये. निरोगी माणसालाही मुंग्या येतात, आजारी हात कधी गप्प राहतो. तक्रार, बोटं आणि दोन-तीन चाचण्या जुळल्या तर निदान पक्कं होत जातं. शंका उरली किंवा शस्त्रक्रिया ठरवायची असली, तर नसेचा वेग मोजणारी एनसीव्ही करतात.

हा संगणकवाल्यांचाच आजार, असं कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत कुणी म्हणू नये. जोरानं, पुन्हापुन्हा आवळलेली मूठ आणि थरथरतं ग्राइंडर मनगटाला जास्त छळतं. गरोदरपण, मधुमेह, थायरॉइडची कमतरता यांतही तो होतो.

सौम्य त्रासात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा अनेकांना पुरतो. मात्र तळहात वर ठेवून अंगठा छताकडे उचलायला सांगावा, आणि बोटानं खाली दाबून बघावं. तो लगेच पडत असेल, त्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसत असेल, तर नुसता पट्टा बांधून महिने घालवू नयेत. गेलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नाही.