पुडी आणणारा मुलगा

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मूल हे धानाच्या गिरण्यांचे, जंगलाच्या तोंडाशी वसलेले तालुक्याचे गाव. तेथील पानठेल्यापाशी सकाळी घटकाभर उभे राहिले तर एक दृश्य सहज नजरेस पडते. नऊ-दहा वर्षांचा मुलगा येतो आणि बाबांसाठी खर्रा मागतो. ठेलेवाला सुपारी, तंबाखू, चुना आणि चार थेंब पाणी पन्नीत घालून घोटतो. पुडी मुठीत धरून मुलगा घराकडे धावत सुटतो. सांगितलेले काम चटकन करणारा म्हणून त्याचे कौतुकही होते. पाच-सहा वर्षांनी तशीच पुडी त्याच मुलाच्या दप्तरात सापडते, तेव्हा मात्र घरात आकांत होतो. बापाचा हात उठतो, आई रडते आणि वाईट संगतीला दोष दिला जातो.

ही संगत कोणाची, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पूर्व विदर्भात खर्रा हे व्यसन मानलेच जात नाही. पाहुणा आला की पुडी पुढे करावयाची, रोवणीच्या बांधावर ती हातोहात फिरावयाची, बैठकीत नको म्हणणारा शिष्ट ठरावयाचा. दारू पिणाऱ्या बापाची घरात निदान लाज तरी वाटते. खर्रा खाणाऱ्या बापाची लाज वाटण्याचे मुलाला कारणच दिसत नाही. वस्तुतः तो बापाचे पाहूनच शिकलेला असतो. १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची २०१९ साली देशभर पाहणी झाली. तीत शंभरातील आठ-नऊ मुले तंबाखूचे सेवन करताना आढळली; आणि तंबाखू खाणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी तिची चव वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच घेतली होती. दहावे वर्ष म्हणजे बिघडलेल्या मित्रांचे वय नव्हे. ते घरच्यांनी सांगितलेली कामे करण्याचे वय आहे.

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करणे हा गुन्हा ठरविला. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली व पुढे तिच्या कक्षेत खर्राही आणला. २०१५ च्या बालन्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. ठेलेवाल्यावर अधूनमधून कारवाई होते, नाही असे नाही. परंतु मागणी करणारा बाप आणि निरोप्या झालेला मुलगा यांच्यामध्ये कोणता शिपाई उभा राहणार?

दारूविरुद्ध हा मुलूख जिद्दीने लढला आहे. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपूर जिल्ह्यातील बायका डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी चालत गेल्या; २०१५ साली जिल्ह्यात बंदी लागू झाली, २०२१ साली ती उठली. खर्र्याविरुद्ध मात्र असा मोर्चा निघाला नाही, कारण पुष्कळ बायकांच्या बटव्यातही तंबाखू असते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने शासन व टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून २०१६ साली 'मुक्तिपथ' हे अभियान सुरू झाले. त्याच्या पूर्वतयारीत जिल्ह्याच्या खर्चाचा हिशेब मांडला गेला, तेव्हा लोकांचा तंबाखूवरील खर्च दारूपेक्षा कितीतरी अधिक निघाला. जिच्यामुळे घरात भांडण होत नाही, तिच्यावरच घरातला अधिक पैसा जात होता.

मुलाच्या शरीराला याची किंमत लवकर मोजावी लागते. खर्र्यात तंबाखू तर असतेच. परंतु नुसत्या सुपारीलाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरविले, त्याला दोन दशके उलटून गेली. कर्करोगाच्या बऱ्याच आधी आणखी एक गोष्ट घडते. गालाच्या आतली कातडी पांढुरकी व ताठ होऊ लागते, तिखट सोसवत नाही आणि तोंड पूर्ण उघडेनासे होते. सुपारी सोडली तर ही वाढ थोपविता येते. पण ताठ झालेली कातडी पूर्ववत मऊ होणे कठीण. मुलगा भाजीत मिरची फार झाली म्हणून ताट सरकवितो, तेव्हा त्याला लाडावलेला म्हणण्यापूर्वी आईने त्याचे तोंड पाहावे. आपलीच तीन बोटे उभी जुळवून दातांमध्ये जातात की नाही, एवढी परीक्षा घरच्या घरी करता येते. ती जात नसतील, किंवा तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नसेल, तर दवाखाना गाठण्यास उशीर करू नये.

मारझोडीने काय साधते? मुलगा पुडी दप्तराऐवजी दुसरीकडे लपवू लागतो, एवढेच. डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरांतून मुलामुलींशी त्यांच्या शरीराविषयी मोकळेपणाने बोलण्याचा जो पायंडा पाडला, त्यातून पालकांना घेण्यासारखे पुष्कळ आहे. समोरचा मोठा माणूस रागावणार नाही अशी खात्री पटली की याच वयातील मुले न विचारता येणारे प्रश्नही विचारतात. खर्र्याबद्दलही तसे बोलता येईल. मात्र त्यासाठी बापाला आधी कबुली द्यावी लागेल की मलाही हे सुटत नाही. ही कबुली जड जाते. आपल्याकडे बापाने मुलासमोर हार मान्य करण्याची रीत नाही. परंतु जो बाप 'दोघे मिळून सोडू' म्हणतो, त्याचे मुलगा ऐकण्याचा संभव तरी असतो. तोंडात तोबरा धरून उपदेश करणाऱ्याचे शब्द मुळात उमटतच नाहीत.

सोडणे एका दिवसात होत नाही. पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, झोप उडते, कामात मन लागत नाही. रोवणीच्या ऐन दिवसांत हे आरंभिले तर ते टिकणे कठीण. व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी केंद्र शासनाचा १८००११२३५६ हा मोफत दूरध्वनी आहे, त्यावर सल्ला मिळतो. तोवर एक गोष्ट मात्र उद्या सकाळपासून करता येण्यासारखी आहे. तलफ आवरत नसेल तर बापाने चप्पल पायात घालावी आणि पुडी स्वतः जाऊन आणावी. मुलाला ठेल्यावर पाठवू नये.