एवढ्याशा लाटण्याला एवढे पैसे का?



पाड्यावरच्या तरुणांनी बनवलेली लाटणी आणि रव्या घेताना पुष्कळजण मला वरचा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. काम कसे चालते ते सांगतो, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल.

सरावलेल्या हाताला लेथवर लाटणे कातायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो त्याआधी आणि त्यानंतर.

आधी लाकूड. शीसव किंवा बाभूळ यांसारखे घट्ट लाकूड चांगले. २००६च्या वनहक्क कायद्यात लाख, मध, बांबू हे गौण वनोपज आहे, इमारती लाकूड नाही. म्हणून लाकूड वखारीतून पावती घेऊनच आणावे लागते. ते ओले असताना कातले तर वाळताना वाकते किंवा तडकते. पाणी टोकांकडून लवकर निघते, म्हणून ठोकळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण लावून ते सावलीत रचतात. दर आठवड्याला दोन-तीन ठोकळे तोलायचे. वजन घटायचे थांबले की लाकूड वाळले. यात काही महिने जातात आणि तोवर हातात पैसा येत नाही.

लेथवर आधी गोल पटाशीने ठोकळा गोल करतात, मग आकार देतात. सैल बाही, ओढणी, हातमोजे तिथे चालत नाहीत. फिरते लाकूड कापड ओढून घेते आणि कापडाबरोबर हातही. डोळ्यांना चष्मा हवाच.

मग घासाई. पॉलिश पेपर ८० नंबरपासून ३२० नंबरपर्यंत क्रमाने वापरतात. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसले की लाकडाचे तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते पुन्हा घासायचे. हे टाळले, तर पहिल्याच धुण्यात लाटणे खरखरीत होते.

शेवटी तेल. चकचकीत व्हार्निश दिसायला छान, पण लाटण्यावरून त्याचे पापुद्रे निघाले तर ते कणकेत जातात. म्हणून खाण्याचे जवसाचे तेल पातळ लावून पुसतात, काही दिवस सुकू देतात आणि पुन्हा लावतात. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवस तेल नको. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूची रसायने घातलेली असतात. तेलाची फडकी चुरगाळून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती पसरून वाळवतात.

पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाखही लेथवर लावता येते. फिरत्या लाकडावर कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. पण गरम वस्तूजवळ लाख मऊ होते. ती डब्याच्या झाकणाला शोभते, वरणातल्या रवीला नाही.

आता पैशाचा हिशेब तुम्हीच करा. भातकापणी झाली की पाड्यावरची कित्येक घरे वीटभट्टीवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. गावातच काम मिळाले तर ते घर थांबते. मात्र काम टिकायचे तर माल टिकला पाहिजे. एक तडकलेले लाटणे दहा गिऱ्हाइके घालवते.

तुमच्याकडे एवढेच मागणे: लाटणे पाण्यात भिजत ठेवू नका, धुऊन लगेच पुसा, कोरडे दिसू लागले की तेलाचा हात द्या. आणि तडकले तर आम्हाला जरूर कळवा.