विटीदांडूचे आकडे : खेळातील संख्याशब्द आणि त्यांचे शिक्षणमूल्य

विटीदांडूच्या खेळात दांडूने अंतर मोजताना मुले एक, दोन, तीन असे मोजीत नाहीत. वकट, लेंड, मुंड, नाल असे मोजतात. मराठीच्या नित्य व्यवहारात हे शब्द अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. बाजारात, शेतात, शाळेत त्यांना स्थान नाही. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने ते शिकविलेले नाहीत. आणि तरीही पिढ्यान् पिढ्या आठ-दहा वर्षांच्या मुलांनी ते बिनचूक क्रमाने जतन केले आहेत. या शब्दांचे मूळ कोणते आणि त्यांच्या आश्रयाने मूल नेमके काय शिकते, या दोन प्रश्नांचा विचार येथे सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात करावयाचा आहे.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग करण्यात आले व १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेस पाटण-जावळीचा पावसाळी डोंगराळ मुलूख, पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हे अवर्षणग्रस्त माळ, असा हा प्रदेश आहे. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे विशेष महत्त्व असे, की त्याच्या आग्नेय टोकाला, जत तालुक्यात, मराठी आणि कानडी एकमेकींत मिसळतात. तेथील कित्येक घरांत कानडी बोलली जाते आणि कानडी माध्यमाच्या शाळाही आहेत. साहजिकच वकट-लेंड हे शब्द कानडीतून आले असावेत, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हा तर्क टिकत नाही.

कानडीत एक ते चार यांस ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असे शब्द आहेत. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असे आहेत. 'वकट' हा 'ओंदु'पासून येणे शक्य नाही. 'ओकटि'पासून मात्र तो सहज सिद्ध होतो. तेलुगूच्या बोलण्यात शब्दारंभीच्या ओकाराआधी वकाराचा उच्चार होतोच, आणि अंत्य स्वराचा लोप मराठीच्या प्रकृतीला धरूनच आहे. 'लेंड'मधील अनुनासिक 'रेंडु'त आहे, 'एरडु'त नाही. निर्णायक पुरावा तिसऱ्या शब्दाचा आहे. 'मुंड'मधील मूर्धन्य डकार तेलुगू 'मूडु'त आढळतो; कानडी 'मूरु'त त्याच्या जागी रकार आहे. चौथा 'नाल' दोन्ही भाषांना जवळचा असल्याने तो कोणत्याच बाजूची साक्ष देत नाही.

एक अडचण मात्र उरते. 'मूडु'त अनुनासिक नाही. मग तो 'मुंड'मध्ये कोठून आला? याचे उत्तर संख्याशब्दांच्या एका सार्वत्रिक प्रवृत्तीत सापडते. संख्याशब्द एकेकटे उच्चारले जात नाहीत. ते माळेने म्हटले जातात आणि माळेतील शेजारी शब्द परस्परांना आपल्यासारखे करून घेतात. रशियन भाषेत नऊला 'देव्यात्' म्हणतात. संस्कृत 'नव'शी सजातीय असलेल्या या शब्दाच्या आरंभी नकार हवा होता. पुढच्या 'देस्यात्' (दहा) या शब्दाच्या सादृश्याने तेथे दकार आला. इंग्रजीतील 'फोर'चा फकार 'फाइव्ह'मुळे आला, असे तौलनिक व्याकरणकार मानतात. 'लेंड'च्या जोडीने 'मुंड' व्हावे हा त्याच जातीचा व्यापार होय. आणि मोजणारे मूल धावत, ओरडत, तालावर मोजीत असल्याने येथे तो अधिकच स्वाभाविक ठरतो. 'रेंडु'च्या रकाराचा लकार होणे हेही बालबोलीत अपरिचित नाही.

चौथ्यानंतरची नावे गावोगाव इतकी बदलतात, की त्यांची एकच प्रमाण यादी देणे योग्य होणार नाही. काही ठिकाणी ऐकू येणारा 'आर' हा द्राविड 'आरु' (सहा) या शब्दाची आठवण करून देतो. 'डोळा' हा शब्द उघडच टोल्याच्या रीतीवरून आलेला आहे. आणि फेऱ्याच्या अखेरीचा 'झकू' तर संख्याशब्द वाटतच नाही. म्हणजे आरंभीचे शब्द घट्ट राहिले आणि पुढचे सैल झाले. पाठ केलेल्या कोणत्याही माळेचे असेच होते.

आता, तेलुगू भाषेचा मुलूख सातारा-सांगलीला लागून नाही. मग हे आकडे येथवर कसे आले? एक शक्यता अशी, की तेलुगू वळणाची बोली बोलणारे वडार लोक विहिरी खोदण्याच्या व दगड फोडण्याच्या कामासाठी गावोगाव हिंडत आणि त्यांच्या मुलांबरोबर खेळताना हे शब्द गावच्या मुलांनी उचलले. दुसरी शक्यता अशी, की मराठवाडा आणि तेलंगण यांच्या दीर्घ सहवासात ते मराठी मुलांच्या तोंडी बसले व तेथून खेळाबरोबर पश्चिमेकडे सरकले. वकट-लेंड केवळ याच दोन जिल्ह्यांत नसून महाराष्ट्रात दूरवर पसरलेले आहे. ते पाहता दुसरी उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. पहिलीने तिला ठिकठिकाणी बळ दिले असेल. प्रौढांच्या व्यापारातून वा राज्यकारभारातून हे शब्द आले असते तर बाजाराच्या बोलीत त्यांचा काही तरी माग राहिला असता. तो नाही, यावरून प्रसार मुलांकडून मुलांकडेच झाला, असे अनुमान निघते.

अशा प्रसाराचे उदाहरण युरोपातही आहे. उत्तर इंग्लंडमधील धनगर मेंढ्या मोजताना 'यान, टान, टेथेरा' अशी इंग्रजीहून निराळी माळ म्हणत. तिचे नाते वेल्श भाषेच्या कुळाशी जुळते आणि ती मुलांच्या खेळांतही शिरली होती. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने ब्रिटनमधील सुमारे पाच हजार शाळकरी मुलांकडून जमविलेल्या सामग्रीवरचा आपला ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध केला. मुलांचे वाङ्मय मोठ्यांच्या मदतीवाचून, किंबहुना त्यांच्या नकळत, मुलामुलांतच फिरते, हे त्यातून स्पष्ट झाले. येथे कालगणनेचा एक मुद्दा ध्यानात घ्यावयास हवा. प्रौढांची पिढी पंचवीस-तीस वर्षांची धरली तर शतकात चारच पिढ्या होतात. खेळणाऱ्या मुलांची पिढी पाच-सहा वर्षांची असते. दहा वर्षांच्या मुलाकडून सहा वर्षांच्या मुलाने शिकावयाचे आणि चार वर्षांनी आपल्याहून धाकट्याला द्यावयाचे, असा हा क्रम आहे. म्हणून शंभर वर्षांत ही देवघेव वीस-एक वेळा घडते. शब्द झिजण्यास आणि बदलण्यास त्यामुळे वाव मिळतो. आणि सलग सहा-सात वर्षे एखाद्या गावात खेळ बंद पडला, तर तेथील माळ कायमची तुटते.

खेळाची रीत थोडक्यात अशी. जमिनीत लहानसा लांबट खड्डा करतात. त्यावर विटी आडवी ठेवून दांडूने ती कोलतात. समोरच्या गड्यांनी झेलली तर कोलणारा बाद. न झेलल्यास दांडू खड्ड्यावर आडवा ठेवतात आणि समोरचा गडी विटी पडल्या जागेवरून दांडूवर नेम धरून फेकतो. नेम चुकला, की विटी जेथे पडेल तेथपर्यंतचे अंतर खड्ड्यापासून दांडूने मोजावयाचे, आणि मोजणी ज्या शब्दावर संपेल त्या शब्दाला नेमून दिलेल्या रीतीने पुढचा टोला मारावयाचा. पायाच्या पंजावर, मुठीवर, बोटांवर, डोळ्यावर अशा विटी ठेवण्याच्या जागा ठरलेल्या असतात. त्यांचा तपशील प्रत्येक गाव आपापल्यापरीने ठरविते. झकू झाला, की पुन्हा वकटपासून आरंभ.

या मोजणीत गणिताचा जो भाग आहे त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. जेथे सातांचा फेरा आहे तेथे अंतर चोवीस दांडू भरले, तर मूल 'चोवीस' ही संख्या उच्चारीतही नाही. तीन फेरे पुरे होऊन मोजणी 'मुंड'वर थांबते, एवढेच त्याला कळते. म्हणजे चोवीसला सातांनी भागून उरणारी बाकी त्याने काढलेली असते. भागाकाराची बाकी प्राथमिक शाळेतील पुष्कळ मुलांना निरर्थक उरलेला तुकडा वाटते. येथे तर सारा डाव बाकीवरच चालतो, भागाकाराला कोणी विचारीत नाही. घड्याळ आणि आठवड्याचे वार यांतही हेच गणित आहे. परंतु वारांच्या गणनेत मुलाचे काही पणाला लागलेले नसते. येथे लागलेले असते.

मोठ्या संख्यांची नावे टाळता येतात, हा या रीतीचा दुसरा लाभ, आणि मराठी मुलाला तो लहान नव्हे. मराठीत एक ते शंभर यांपैकी बहुतेक नावे स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. शिवाय लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, असा उलटा व्यवहार आहे. सत्तेचाळीस लिहावयाचे तर ऐकलेला सात मागे ठेवून न ऐकलेला चार पुढे मांडावा लागतो. कानडीत नलवत्तेळु म्हणजे चाळीस-सात. जत भागातील कानडी घरातून मराठी शाळेत आलेल्या मुलाला आपल्या कानाची सवयच उलटी करावी लागते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास दोन' अशी वाचनाची रीत सुचविली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला. दक्षिणेकडील भाषांचा दाखला त्या वेळी देण्यात आला, तसाच मराठीच्या अस्मितेचाही. त्या वादात एक गोष्ट मात्र कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही : मराठी मुले दक्षिणेकडून आलेले संख्याशब्द शतकानुशतके मैदानावर वापरीत आहेत आणि त्यामुळे त्यांची मराठी बिघडल्याचे दिसत नाही.

मापनाचा पाठ तर या खेळात उघडाच आहे. ज्या दांडूने टोला मारावयाचा त्यानेच मोजावयाचे. दांडू मात्र प्रत्येकाचा वेगळा. साधारणपणे तो दीड-दोन फुटांचा असतो. पण आखूड दांडूने मोजले तर तेच अंतर अधिक भरते, हे मुलाला पहिल्या भांडणातच उमगते. एकक लहान तर मापांक मोठा, हे तत्त्व शाळेतील पुस्तक वीत, हात, पाऊल यांच्या आधाराने शिकविते. ते शिकविताना वर्गात कोणाचे काही बिघडत नसते. मैदानावर 'कोणाच्या दांडूने मोजावयाचे?' हा प्रश्न निकराचा असतो आणि त्याचा निवाडा मुलांनाच करावा लागतो. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. त्यामागील प्रश्न तत्त्वतः हाच होता. या खेळाच्या काही प्रकारांत तर टोल्यानंतर अंतर न मोजता दांडूंची संख्या नजरेने अंदाजून मागावयाची असते. कमी मागितली तर तितकेच गुण पदरात पडतात; अधिक मागितली आणि मोजणीत भरली नाही तर डाव जातो. अंदाज आणि त्यातील जोखीम यांचा याहून चांगला धडा तिसरी-चौथीच्या वर्गात मिळणे कठीण.

पदार्थविज्ञानाचाही काही अंश येथे आहे. विटी दोन्ही टोकांस निमुळती असल्याने तिचे टोक जमिनीपासून उचललेले राहते. त्या टोकावर आघात केला, की ते खाली जाते व दुसरे टोक उसळते. ही तरफच होय. फार टोकाशी मारले तर विटी गरगरते, दूर जात नाही. दांडूसाठी लाकूड निवडताना बाभूळ चिवट असते, शेवग्याची फांदी पहिल्याच टोल्याला मोडते, हेही मुलाला माळावर आणि बांधावर हिंडूनच कळते.

खेळाला शिक्षणात स्थान द्यावे असे आता सर्वत्र म्हटले जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेस क्रीडांगण आवश्यक केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात देशी खेळांचा अध्यापनात उपयोग करण्याची शिफारस आहे. हे स्वागतार्ह असले तरी त्यात एक धोका आहे. खेळ मोठ्यांच्या हाती गेला, की त्याची भाषा बदलते. हुतूतूचे झाले ते पाहण्यासारखे आहे. नियम छापले गेले, स्पर्धा सुरू झाल्या, १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत खेळास स्थान मिळाले. हे सारे 'कबड्डी' या नावाने झाले आणि दम धरून 'हुतूतू' घुमविणारी चढाई मागे पडली. खेळाची त्यातून भरभराटच झाली, यात शंका नाही. खोखोची विश्वचषक स्पर्धा २०२५ साली दिल्लीत भरली, हेही चांगलेच झाले. पण विटीदांडूस पंच, शिट्टी आणि छापील नियम मिळाले, तर दांडूच्या जागी मोजफीत येईल. मग वकट-लेंडचे प्रयोजनच उरणार नाही, आणि बाकी काढणारे मूलही तेथे उरणार नाही. शिक्षकाने येथे शिकविण्यापेक्षा जागा आणि वेळ द्यावा, विटीने डोळ्यास इजा होणार नाही इतके पाहावे, आणि बाकीचा पाठ वर्गात आला म्हणजे मैदानावरच्या मुंडची आठवण द्यावी. एवढे पुरेसे आहे.

या शब्दांची गाववार नोंद मात्र मोठ्यांनीच करावयास हवी. प्राथमिक शिक्षकांस आणि अध्यापक विद्यालयातील विद्यार्थ्यांस हे काम सहज करता येईल. नुसती शब्दांची यादी त्यासाठी पुरेशी नाही. फेरा कितींचा, प्रत्येक शब्दाला विटी कोठे ठेवतात, पाचव्या-सहाव्या जागी कोणते शब्द येतात, सांगणाऱ्याच्या घरी कोणती भाषा बोलतात, हे सारे टिपले पाहिजे. आणि जत व कवठेमहांकाळ या बाजूच्या गावांत कानडी घरांतील मुले हीच माळ वापरतात की वेगळी, हे मुद्दाम विचारले पाहिजे. प्रत्येक मुलास त्याने ही माळ कोणाकडून घेतली, हाही प्रश्न अवश्य करावा. ज्या गावी 'थोरल्या भावाकडून' किंवा 'शेजारच्या मुलाकडून' असे उत्तर न येता 'आजोबांनी सांगितली' असे येईल, तेथील नोंद सर्वांत आधी पुरी करावी. कारण त्या गावी ती देण्यास आता आजोबाच उरलेले असतात.