वाटायचं काय: कनेक्शन की रिक्वेस्ट?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. लोड वाढला म्हणून त्यांनी ३ पॉडचे ६ केले, तरी जुने तीनच तापतायत आणि नवे निवांत बसलेत. ऐन सेलच्या आठवड्यात! मी दोनच गोष्टी विचारल्या. सर्व्हिस जीआरपीसीवर आहे का? हो. पुढे कुठला लोड बॅलन्सर? एडब्ल्यूएसचा एनएलबी. झालं, कोडं तिथेच सुटलं.

एनएलबी चौथ्या लेयरवर काम करतो. त्याला फक्त टीसीपी कनेक्शन दिसतं. कनेक्शन उघडताना तो एक टार्गेट निवडतो आणि बंद होईपर्यंत तेच ठेवतो. पंगतीच्या दारात उभा असलेला माणूस पाहुण्याला रांग दाखवतो, पण बसल्यावर तो दोन जिलब्या खातो की वीस, हे त्याला कुठून कळणार? जीआरपीसी चालतं एचटीटीपी/२ वर. एकच कनेक्शन तासन्‌तास उघडं राहतं आणि त्यातूनच हजारो रिक्वेस्ट जातात. नवे पॉड नव्या कनेक्शनची वाट बघत बसतात.

एएलबी सातव्या लेयरवरचा. तो रिक्वेस्ट वाचतो आणि प्रत्येक रिक्वेस्ट वेगळी वाटतो. २०२० पासून जीआरपीसीसुद्धा. रिक्वेस्टना लागणारा वेळ कमी-जास्त असेल तर डीफॉल्ट राउंड रॉबिन सोडून ‘लीस्ट आउटस्टँडिंग रिक्वेस्ट्स’ लावा, फरक दिसतो. पण जीआरपीसीसाठी तिथे एचटीटीपीएस लिसनर लागतो, म्हणजे सर्टिफिकेट आलं. सेलच्या आठवड्यात हा बदल करायला मी तरी सांगणार नाही. त्यांना म्हटलं, सर्व्हरवर कनेक्शनचं कमाल वय ५ मिनिटं ठेवा. क्लायंट पुन्हा जोडले जातात, तेव्हा नव्या पॉडनाही वाटा मिळतो. क्लायंट मोजकेच असतील तर वाटणी तरीही वाकडी राहते, हे लक्षात ठेवा.

म्हणजे एनएलबी वाईट का? अजिबात नाही. बँकेने “आम्हाला ठरलेला आयपी द्या, फायरवॉलमध्ये टाकायचाय” म्हटलं की एएलबी अडतो, कारण त्याचे आयपी बदलत राहतात. एमक्यूटीटी, यूडीपी असलं काही असेल तरी एनएलबीच. दोन्ही हवं असेल तर एनएलबीच्या मागे एएलबी लावता येतो, बिल मात्र दोघांचं येतं.

आणि एएलबीकडे वळणाऱ्या नोडवाल्यांनो, एक सेटिंग आधी बघून घ्या. एएलबीचा आयडल टाइमआउट डीफॉल्ट ६० सेकंद असतो, तर नोडचा कीप-अलाइव्ह वर्षानुवर्षं डीफॉल्ट ५ सेकंद राहिलाय. नोडने कनेक्शन बंद करायला आणि एएलबीने त्यावरच रिक्वेस्ट पाठवायला गाठ पडली की मधूनच एखादा ५०२ येतो. ॲपच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो, कारण रिक्वेस्ट तुमच्या कोडपर्यंत पोचलेलीच नसते. कीप-अलाइव्ह ६५ सेकंद करा.